कोल्हापूर जिल्ह्यातली आडनावं : बारा तालुक्यांत पाटील, मग बाकी कोण कुठं?

गावाकडची निधनवार्ता टाकताना आमच्याकडं एक नियम पाळतात. आडनाव पाटील असेल तर गाव, वाडी, वडिलांचं नाव आणि जमलं तर गल्लीसुद्धा टाकायची. एकदा नुसतं नाव आणि 'पाटील' एवढंच गेलं, आणि सकाळी दहाच्या आत तीन गावांतून फोन आले. त्यातला एक फोन तर त्याच नावाच्या, ठणठणीत असलेल्या पाव्हण्याचा होता. 'मी हाय अजून,' एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

तेव्हापासून हा विषय डोक्यात होता. आपल्या जिल्ह्यात कोणतं आडनाव कुठं जास्त, आणि का? आधीच सांगतो, जनगणनेत आडनावाप्रमाणे आकडे प्रसिद्ध होत नाहीत. २०११ ला जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती हे सांगता येतं, त्यात पाटील किती हे नाही. त्यामुळं इथं टक्केवारी शोधू नका. मतदार यादी, शाळेचं हजेरीपुस्तक, ग्रामपंचायतीचा फलक आणि लग्नपत्रिका वाचणाऱ्या कुणालाही जे दिसतं, तेच इथं मांडलं आहे.

पाटील हे आडनाव की हुद्दा?

पहिला नंबर पाटलांचा, यावर बाराही तालुक्यांत कुणी वाद घालणार नाही. पण पाटील हे मुळात कुळाचं नाव नव्हे, कामाचं आहे. जुन्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत 'पट्टकिल' असा शब्द येतो, त्यावरून पाटील. गावचा वसूल गोळा करणं, तंटा मिटवणं, सरकारी माणसाला जाब देणं ही त्याची कामं. पाटीलकी वंशपरंपरेनं चालायची, भाऊ वाढले की तीही वाटली जायची. आज एकट्या गावात पाटलांची शंभर घरं दिसतात ती त्यामुळंच. एका पाटलाची भावकी वाढली, आणि हुद्दा नसला तरी नाव सगळ्यांनी लावलं.

दुसरी गोष्ट म्हणजे पाटील कोणत्याही एका समाजाचे नाहीत. करवीर, राधानगरी, भुदरगडात मराठा पाटील, शिरोळ-हातकणंगल्यात जैन पाटील, गडहिंग्लज भागात लिंगायत पाटील, आणि काही गावांत मुस्लिम पाटीलसुद्धा. ज्या घराकडं गावकी होती त्याचं ते नाव. रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील हे हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला १८८७ साली जैन घरात जन्मले. बाहेरच्या जिल्ह्यातल्या अनेकांना हे ठाऊकच नसतं.

मग सोयरिकीचं काय? आपल्याकडं मराठ्यांत एका आडनावात लग्न टाळतात, पण पाटील-पाटील लग्नं सर्रास होतात. कारण पाहुणे बसल्यावर पहिला प्रश्न येतो, 'मूळ आडनाव काय?' कुणी सांगतं जाधव, कुणी मोरे, कुणी चव्हाण. मग देवक विचारलं जातं आणि पुढची बोलणी सुरू होतात. म्हणजे कागदावर एक आडनाव आणि लग्नाच्या बैठकीत दुसरं. ही दोन आडनावांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं दाखल्यांच्या भानगडीत ती परत येते.

सरकारनं वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं बंद केली. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं पोलीस पाटील आला, पण तो नेमणुकीचा, आरक्षणाचा. आता गावचा पोलीस पाटील कांबळे असतो, सुतार असतो, कुठं एखादी ताई असते. आडनावानं पाटील असलेल्यांना दाखला हवा असेल तर त्यांच्याकडं जावं लागतं.

इनिशियलचा जिल्हा

राजकारणात पाटलांनी यावर आपापली तोड काढली. डी. वाय. पाटील, पी. एन. पाटील, के. पी. पाटील, ए. वाय. पाटील. कोल्हापूरच्या माणसाला यातलं नुसतं 'पी. एन.' किंवा 'के. पी.' म्हटलं की पुरतं, पाटील म्हणायची गरजच नाही. दुसरी तोड म्हणजे गाव जोडणं. दिवंगत पी. एन. पाटील सडोलीकर, राजेंद्र पाटील-यड्रावकर ही त्यातली माहितीची नावं. तिसरी तोड टोपणनावाची. सतेज पाटलांना 'बंटी' म्हणणारे त्यांचं पूर्ण नाव क्वचितच घेतात.

गावात हेच काम भावकी करते. मळ्यातले पाटील, वाड्यावरचे पाटील, थोरले, धाकले, वरच्या आळीचे, खालच्या आळीचे. पोस्टमनला पत्त्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

ही गंमत फक्त आपलीच नाही. कोरियात पाचातला एक माणूस किम आडनावाचा असतो. तिथं मग कुळाचं मूळ गाव सांगून किम वेगळे ओळखतात, गिमहेचे किम, ग्योंगजूचे किम. एकाच मूळ गावाच्या एकाच आडनावात लग्नाला तिथं कायद्यानंच बंदी होती. १९९७ ला त्यांच्या घटनात्मक न्यायालयानं ती रद्द ठरवली. यड्रावकर आणि गिमहेचे किम यांची पद्धत एकच म्हणायची.

नाव सारखं असलं की निवडणुकीत काय होतं ते २०१४ साली रायगड लोकसभेला दिसलं. सुनील तटकरे नावाचेच दुसरे उमेदवार उभे होते, आणि त्यांनी घेतलेली मतं मूळ तटकरेंच्या पराभवाच्या फरकापेक्षा जास्त निघाली. आपल्याकडं ग्रामपंचायतीच्या वॉर्डात तर असे नामसाधर्म्याचे डाव नवीन नाहीत.

हुद्द्यावरून आलेली बाकीची मंडळी

चौगुले हे पाटलाच्या हाताखालचं पद. हे आडनावही पाटलांसारखंच मराठा, जैन, लिंगायत सगळ्यांत आहे आणि शिरोळ, हातकणंगले, कागल पट्ट्यात भरपूर आहे. कुलकर्णी गावचं दप्तर सांभाळायचे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले, वतन गेलं तरी आडनाव राहिलं. देसाई आणि देशपांडे ही परगण्याची पदं. देसाई तुम्हाला जिल्ह्याच्या दक्षिणेला जास्त भेटतील, भुदरगड, आजरा, गडहिंग्लज, चंदगड. 'स्वामी' कादंबरीचे लेखक रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे.

खोत हे कोकणातलं वसुलीचं पद, पण आडनाव म्हणून ते शिरोळच्या जैन घरांतही आहे. सरनोबत हा घोडदळाचा मोठा अंमलदार. नेमबाज राही सरनोबत कोल्हापूरची हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते आडनाव लष्करी हुद्दा आहे हे नव्या पोरांना सांगावं लागतं. मुश्रीफ म्हणजे देखरेख करणारा अधिकारी. सबनीस, चिटणीस, फडणीस लिहिण्या-हिशेबाचे. सनदी, नाईकवडी, जमादार, हवालदार ही शिबंदी-चाकरीची नावं. आणि तहसीलदार आडनावाचा माणूस तहसील कार्यालयात गेला की शिपाई आधी उठून उभा राहतो, मग अर्ज बघतो.

धंद्याची आडनावं सांगायला फार वेळ नको, ती सगळीकडं सारखीच : सुतार, लोहार, कुंभार, परीट, गुरव, माळी. मुस्लिम समाजात मुजावर, मुल्ला, बागवान, आत्तार, तांबोळी, शिकलगार, नदाफ ही त्याच प्रकारातली. घटना समितीचे सदस्य आणि पंचगंगा साखर कारखान्याचे संस्थापक देशभक्त रत्नाप्पा कुंभार शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावचे. धंदा बदलला की आडनावही बदलतं याचं उदाहरण कोल्हापूर शहरातच आहे. बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवायचे म्हणून लोकांनी पेंटर म्हटलं आणि तेच इतिहासात गेलं. त्यांच्याकडं उमेदवारी केलेल्या शांताराम वणकुद्रे यांनी तर आडनावच बाजूला ठेवलं आणि व्ही. शांताराम झाले.

पोवार की पवार, साळोखे की साळुंखे?

कोल्हापूरचा माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. पुण्या-साताऱ्याकडं पवार असतात, आपल्याकडं पोवार. तिकडं साळुंखे, आपल्याकडं साळोखे. तिकडं सकपाळ, आपल्याकडं संकपाळ. चौगुले कुठं चौगले होतात, मगदूम मगदुम होतात. बोलण्याच्या लकबीतून आलेले हे फरक आहेत, वेगळं कूळ नव्हे. शहराच्या पेठांत आणि करवीर तालुक्यात पोवार-साळोखे यांच्याबरोबर जाधव, माने, चव्हाण, यादव, इंगवले, सरनाईक ही नावं दाटीनं आहेत.

कांबळे हे जिल्ह्यातलं दुसरं मोठं आडनाव म्हणायला हरकत नाही. एकही तालुका त्यावाचून नाही. शाहू महाराजांच्या काळात ज्यांच्या चहाच्या हॉटेलात महाराज स्वतः चहा प्यायचे ते गंगाराम कांबळे याच शहरातले. १९२० च्या माणगाव परिषदेत ज्यांना महाराजांनी दलितांचा पुढारी म्हणून गौरवलं, त्या बाबासाहेबांचं घराणं मूळ सकपाळांचं, रत्नागिरीतल्या आंबडवे गावचं. गावावरून आंबडवेकर आणि पुढं आंबेडकर.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. जाधव, शिंदे, पवार, चव्हाण, माने, मोरे ही आडनावं मराठा, दलित, भटके-विमुक्त, बारा बलुतेदार अशा अनेक समाजांत आहेत. त्यामुळं नुसत्या आडनावावरून जात ओळखल्याचा आव आणणारा माणूस निम्म्या वेळा चुकतो. 'पाव्हणं, कुणापैकी?' हा आपल्याकडचा प्रश्न वरून साधा वाटतो, पण खोली भाड्यानं मागणाऱ्या पोराला तो कसा टोचतो हे त्यालाच विचारा.

कुठल्या तालुक्यात काय

कागलला घाटगे. शाहू महाराज जन्मले तेव्हा यशवंतराव घाटगे होते, १८८४ ला दत्तक गेल्यावर भोसले झाले. त्याच तालुक्यात सेनापती कापशीला संताजी घोरपड्यांचं घराणं. आणि इचलकरंजीचे जहागीरदार घोरपडे? ते मूळचे जोशी. नारो महादेव जोशी संताजींच्या पदरी वाढले आणि कृतज्ञता म्हणून त्यांनी धन्याचं आडनाव घेतलं. म्हणून आपल्याकडं मराठा घोरपडे आहेत तसे ब्राह्मण घोरपडेही आहेत. आडनावावरून जात काढणाऱ्यांनी हे एकच घराणं लक्षात ठेवलं तरी पुरे.

शिरोळ-हातकणंगले हा कृष्णा-पंचगंगेचा सुपीक पट्टा. मगदूम, चौगुले, पाटील, खोत, उपाध्ये, आवाडे. उपाध्ये म्हटलं की बाहेरच्याला ब्राह्मण वाटतात, पण इथं ते जैन पुरोहितांचं आडनाव. राजाराम कॉलेजात शिकवलेले प्राकृतचे मोठे विद्वान आ. ने. उपाध्ये सीमेपलीकडच्या सदलग्याचे. नृसिंहवाडीला पुजारी आडनावाची घरं आहेत, कारण सांगायला नको. वारणेच्या काठाला कोरे.

गडहिंग्लजपासून पुढं कानडीचा वारा लागतो. हिरेमठ, स्वामी, पट्टणशेट्टी, आणि सीमेपलीकडं गेलं की अंगडी, बेल्लद. अंगडी म्हणजे दुकान, बेल्लद म्हणजे गुळाचा. गूळ आपला, आडनाव त्यांचं. उत्तर कर्नाटकात तर उळ्ळागड्डी म्हणजे कांदा आणि मेणसिनकाई म्हणजे मिरची अशीही आडनावं आहेत. तिकडं नुसतं गावाचं नाव आडनाव म्हणून चालतं, आपण त्याला 'कर' जोडतो. हुक्केरी तिकडं, हुक्केरीकर इकडं.

या 'कर'ची एक गंमत आहे. इचलकरंजीत राहणारा सहसा इचलकरंजीकर नसतो, हुपरीत हुपरीकर नसतो. गाव सोडून दुसरीकडं गेलेल्या माणसालाच त्या गावचं नाव चिकटतं. म्हणजे 'कर' सांगतो तो तुमचा आजचा पत्ता नव्हे, आजोबा-पणजोबांनी सोडलेला.

चंदगडला गावडे, नाईक, देसाई, पाटील. बोली कोकणीच्या जवळची, नावंही गोवा-सिंधुदुर्गाशी जुळणारी. हा तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड तेवढा इकडं राहिला. खानापूर-बेळगावच्या पाटील-गावड्यांशी त्यांच्या सोयरिकी अजून आहेत, मध्ये राज्याची हद्द असली तरी.

शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याच्या डोंगरात धनगरवाड्यांवर झोरे, येडगे, कोकरे, बोडके भेटतात. खाली पन्हाळा-करवीरच्या बाजूला नरके. गगनबाड्याची जहागीर पंत अमात्यांची, त्यामुळं बावडेकर. बाकी तिथं पाटील, कांबळे, सावंत आहेतच.

जिल्ह्याबाहेर गेलं तर चित्र पटकन बदलतं. घाट उतरलात की सावंत, राणे, परब. चंद्रपूरकडं तेलुगूच्या शेजारानं मुनगंटीवार, वडेट्टीवार. गडचिरोलीत आत्राम, मडावी. नंदुरबारला गावित, वळवी, पाडवी, वसावे. आणि जळगावला पोहोचलात की परत पाटील! राज्याच्या दोन टोकांना पाटील आणि मधल्या पट्ट्यात देशमुख.

आडनाव कागदावर अडतं तेव्हा

आता कामाचं. वर जे पोवार-पवार आणि मूळ जाधव-आता पाटील असं लिहिलं, ते घरात गमतीचं असतं, कार्यालयात नसतं. पणजोबा शाळेच्या रजिस्टरला 'पोवार', वडील आधारला 'पवार', पोराच्या दाखल्याला इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. दहावी-बारावीनंतर जात पडताळणीला फाईल गेली की समिती विचारते, हे दोघे एकाच घरातले कशावरून?

पडताळणीत आडनाव हा पुरावा धरत नाहीत. वंशावळ आणि रक्ताच्या नात्यातल्या माणसाचा जुना कागद लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची नोंद शोधावी लागते. आणि तिथंच खरी अडचण येते, कारण जुन्या नोंदींत बऱ्याचदा आडनावच नसतं. मोडीतल्या कागदावर 'राणू बिन संतू' एवढंच. बिन म्हणजे मुलगा, वलद म्हणजेही मुलगा, कोम म्हणजे बायको. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यापासून गावोगाव मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली ती यामुळं. 'आमचं आडनाव त्यात नाही' म्हणून कागद बाजूला ठेवू नका. बाप-आजाची नावं, गाव आणि गट नंबर जुळतो का ते बघा.

कागद कुठं शोधायचा हेही तालुक्यावर ठरतं. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधी इचलकरंजी, कागल, बावडा, विशाळगड, कापशी या जहागिऱ्या होत्या आणि कुरुंदवाड हे पटवर्धनांचं वेगळं संस्थान. चंदगडचं १९५६ पूर्वीचं जिल्हा पातळीवरचं दप्तर म्हटलं की बेळगावचा विचार करावा लागतो. शाळेचं जनरल रजिस्टर आणि गावचं जन्म-मृत्यू पुस्तक हे सगळ्यात जवळचे कागद, सुरुवात तिथून करावी.

सात-बाराला नाव चुकलं असेल, म्हणजे हातानं लिहिलेलं संगणकावर घेताना पोवारचं पवार झालं असेल, तर महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडं करता येतो. आडनावच बदलून घ्यायचं असेल, पाटील काढून जाधव लावायचं असेल, तर ते लेखनप्रमादात बसत नाही. त्याला राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. पीएम किसानचा हप्ता थांबलेल्यांनी आधी आधारवरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षर न् अक्षर मिळतंय का ते पाहावं.

यात सगळ्यात जास्त हाल बायकांचे. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, पण आपल्याकडं बदलतात. मग बाप वारल्यावर वारस नोंदीला माहेरचं नाव आणि आधारला सासरचं. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढा हक्क दिला, पण तलाठ्यासमोर 'ही तीच' हे सिद्ध करताना भाऊ गप्प बसला की झालं. लग्नाची नोंदणी केलेली असेल तर तो एक कागद दोन्ही नावं जोडतो. ज्यांनी अजून नोंदणी केली नाही त्यांनी ग्रामपंचायतीत जाऊन करून घ्यावी, लग्नाला वीस वर्षं झाली असली तरी.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारनं नाव लिहायची पद्धत बदलली आहे. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. दवाखान्यातून जन्माची माहिती ग्रामपंचायतीला जाते तेव्हाच आईचं नाव आणि आडनावाचं मराठी-इंग्रजी स्पेलिंग घरच्या जुन्या कागदाशी ताडून द्यावं. पोवार असाल तर पोवारच लिहून घ्या, समोरचा माणूस 'पवार बरोबर आहे' म्हणाला तरी.